दाभणाच्या भोकातून

आमच्या मागच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर, पेन्सिलने ओढलेल्या 9 आडव्या रेघा आहेत. प्रत्येक रेघेशेजारी बारीक अक्षरात तारीख. घरी येणारं प्रत्येक जण विचारतं, भाचरांची उंची मोजता का? उंचीच मोजत होते, पण मुलांची नाही. मुलांच्या रेघा खालून वर चढतात, या वरून खाली उतरल्या आहेत. सगळ्यात वरची माझ्या छातीच्या थोडी वर, सगळ्यात खालची फरशीला टेकता टेकता राहिलेली. दहावी रेघ भिंतीवर मावली नाही, ती फरशीवर काढावी लागली.

ही उंची समोरच्या टॉवरची. आम्ही ठाण्यात पोखरण रोड नंबर दोनच्या आतल्या बाजूला राहतो, चौथ्या मजल्यावर, आणि या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे. समोर जुनी चार मजली सोसायटी होती. तिच्या गच्चीवरून पलीकडे येऊरचा डोंगर दिसायचा. सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली, निळे पत्रे उभे राहिले, क्रेन आली. पहिला स्लॅब पडला त्या आठवड्यात मी काळं कार्डशीट, ब्राउन टेप आणि स्वयंपाकघरातल्या फॉइलचा एक तुकडा घेऊन ही खिडकी बंद केली. फॉइलला मटाराएवढं एक भोक ठेवलं, फरशीपासून 130 सेंटिमीटरवर. दार लावलं, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला आणि खाली बसून राहिले. डोळे अंधाराला सरावायला पाच-दहा मिनिटं लागतात. मग भिंत हळूहळू उजळते, आणि बघता बघता तिच्यावर अख्खं बाहेर उतरतं, उलटं. फरशीजवळ आभाळ, त्याच्या वर लोंबता येऊर, त्याच्याही वर निळे पत्रे, आणि भिंत जिथे छताला मिळते तिथे रस्ता. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, चाकं वर करून. आवाज खिडकीतून आला आणि रिक्षा छताच्या कडेने सरकली.

याला शाळेच्या पुस्तकात सूचिछिद्र प्रतिमाग्राहक म्हणतात. मला तो शाळेच्या आधीच भेटला होता, एका आजारपणात.

1978 साली मला गोवर आला. आम्ही तेव्हा चरईत एका वाड्यात राहायचो. गोवरात उजेड डोळ्यांना बाधतो म्हणून खोली अंधारी ठेवायची पद्धत होती. आजीने अंगणाकडच्या खिडकीच्या झडपा लावून घेतल्या, कडीला कडुलिंबाची डहाळी अडकवली आणि मला खाटेवर झोपवलं. झडपेच्या फळीत एक गाठ होती, ती कधीतरी निखळून पडली होती. भोक ज्वारीच्या दाण्याएवढं. ताप उतरायला लागला त्या दिवशी, सकाळचे दहा वाजून गेले असतील, अंगणात ऊन आलं होतं, आणि मला समोरच्या भिंतीवर एक बाई उलटी चालताना दिसली.

त्या शेजारच्या काकू होत्या. रहाटावरून पाणी काढून घागर कमरेवर घेऊन येत होत्या. विहिरीपाशी त्या माझ्या बाहुलीपेक्षा थोड्याच मोठ्या होत्या. चालायला लागल्या तशा वाढू लागल्या. तुळशीवृंदावनापाशी आल्या तेव्हा खऱ्या काकूंएवढ्या झाल्या. आणखी दोन पावलं पुढे आल्या तर त्यांचे पाय आढ्यात शिरले आणि डोकं माझ्या खाटेच्या काठाशी आलं, एवढं मोठं की मी अंग चोरून घेतलं. मग त्या बाजूला वळल्या आणि भिंतीवर फक्त ऊन उरलं.

आजीला सांगितलं. ती कपाळावर हात ठेवून म्हणाली, "तापात दिसतं काहीबाही. झोप बघू." मग अण्णांना, म्हणजे आजोबांना, सांगितलं. अण्णा घरी वह्या बांधायचे. त्यांच्या बोटांना कायम खळीचा वास असायचा. ते काही न बोलता आत आले, दार लावून घेतलं आणि माझ्या खाटेच्या कडेला बसले. खूप वेळ बसले. मग म्हणाले, "विहीर निम्मी दिसते गं."

निम्मी हा शब्द त्यांनी उगाच वापरला नव्हता. पुढे मोठी झाल्यावर मी ते अंगण मनात पुन्हा पुन्हा मोजलं आहे. खिडकीपासून भिंत दहा फूट. खिडकीपासून तुळस दहा फूट. म्हणून तुळशीवृंदावन भिंतीवर तेवढ्याला तेवढं. विहीर वीस फुटांवर, म्हणून निम्मी. काकू तुळस ओलांडून दहा फुटांच्या आत आल्या आणि स्वतःपेक्षा मोठ्या झाल्या. प्रतिमा केवढी होणार हे ठरवणारी गोष्ट इतकीच आहे: भोकापासून वस्तू किती लांब आणि भोकापासून भिंत किती लांब. भिंतीचं अंतर भागिले वस्तूचं अंतर, जे येईल त्या पटीत प्रतिमा. दहावीला समरूप त्रिकोण येतात ते हेच. वस्तूचा शेंडा आणि पाया यांपासून निघालेल्या दोन सरळ रेघा भोकात एकमेकींना छेदतात आणि पलीकडे तसाच दुसरा त्रिकोण उलटा तयार होतो. छेदतात म्हणूनच उलटा. शेंड्याची रेघ खाली जाते, पायाची वर.

पण हे सगळं नंतरचं. आठ वर्षांच्या मला त्या वेळी एकच वाटलं, की एवढ्याशा भोकातून एवढं दिसतं, तर भोक मोठं केलं की केवढं दिसेल! अंगावरचे डाग सुकायच्या आत मी अण्णांच्या हत्यारांतला एक खिळा पळवला आणि भोक कोरत बसले. फळी जुनी होती, भराभर सोलली. भोक चार आण्याच्या नाण्याएवढं झालं. मी धावत जाऊन खाटेवर पडले आणि भिंतीकडे पाहिलं.

चित्र मोठं झालं नव्हतं. चित्र राहिलंच नव्हतं. भिंतीवर भरपूर उजेड होता आणि त्यात रंगांचे ओले डाग, कुठे हिरवट, कुठे पांढुरकं. काकू अंगणातून गेल्या तेव्हा एक सावट नुसतं हललं. त्या दुपारी मी किती रडले ते मला अजून आठवतं. आपण एक जिवंत गोष्ट मारली असं वाटलं होतं.

आज मी नववी-दहावीच्या मुलांना घरी गणित शिकवते, आणि दर वर्षी हा प्रश्न विचारते: भोक मोठं केलं तर प्रतिमेचं काय होईल? दर वर्षी बहुतेक हात "मोठी होईल"साठी वर जातात. मला ते हात फार आपले वाटतात. मग मी त्यांना सांगते, दोन भोकं आहेत अशी कल्पना करा, शेजारी शेजारी. प्रत्येक भोक आपापलं पूर्ण चित्र भिंतीवर टाकणार. दोन्ही चित्रं आकाराने तेवढीच, कारण अंतरं तीच. फक्त एक चित्र दुसऱ्यापेक्षा किंचित सरकलेलं. आता भोकं तीन करा, दहा करा, शंभर करा, सगळी एकमेकांना चिकटवा. ते झालं मोठं भोक. त्यातून शंभर सारखीच चित्रं येतात आणि एकमेकांवर, थोडी थोडी सरकून, बसतात. म्हणून उजेड वाढतो, आकार वाढत नाही, आणि कडा विरघळतात.

हे नीट पटलं की पुढची गोष्ट आपोआप कळते, आणि मला ती या सगळ्या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते. उघडी खिडकी म्हणजेही असंख्य भोकंच. म्हणजे भर दिवसा, झडपा सताड उघड्या असताना, तुमच्या आमच्या प्रत्येक भिंतीवर बाहेरच्या जगाची चित्रं पडतच असतात. इतकी, की एकही दिसत नाही. आपण त्यालाच नुसता उजेड म्हणतो. भोक चित्र तयार करत नाही. ते बाकीची चित्रं अडवून एकच आत सोडतं.

अण्णांनी मला रागावलं नाही. त्यांनी वहीच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला, खळ लावून त्या कोरलेल्या भोकावर आतून चिकटवला आणि मधोमध दाभणाने टोचलं. दाभण आरपार न घालता टोकानेच, जपून, फिरवत फिरवत. मागच्या बाजूला आलेला पुठ्ठ्याचा भुगा त्यांनी नखाने काढून टाकला. मला म्हणाले, "जा, पड." भिंतीवर विहीर परत आली. आधीपेक्षा अंधुक, पण रहाटाची दोरी दिसत होती. ज्वारीएवढ्या भोकातून ती कधी दिसली नव्हती.

तो पुठ्ठा तिथेच राहिला, म्हणून 16 फेब्रुवारी 1980 चं सूर्यग्रहण मला बघायला मिळालं. त्या दिवशी कर्नाटकात खग्रास होतं, आपल्याकडे खंडग्रास. दुपारी रस्ते ओस पडले होते. आमच्याकडे ग्रहण कडक पाळत. दारं-खिडक्या बंद, चूल विझलेली, पाण्यावर तुळशीचं पान, आणि आजी भिंतीला पाठ लावून जपमाळ ओढत बसलेली. मी जमिनीवर आडवी होते. आणि खिडकीतून तिरपी आलेली उन्हाची एक सळई फरशीवर जिथे टेकत होती तिथे रोज जो उन्हाचा लांबट ठिपका असायचा, त्याचा एक लचका गेला होता. थोड्या वेळाने तो आणखी गेला. मग राहिली फक्त कोर.

मी अण्णांना खूण केली. त्यांनी वहीचं एक पांढरं पान त्या सळईसमोर आडवं धरलं. कोर पानावर आली, नखाएवढी, धारदार. आम्ही ज्या ग्रहणापासून लपून बसलो होतो ते आमच्या घरात, पुठ्ठ्याच्या भोकातून येऊन, अण्णांच्या हातावर बसलं होतं. आजीने एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि मणी पुढे सरकवला. तिने "पान बाजूला कर" म्हटलं नाही, हे मला आज फार मोठं वाटतं.

तिच्या माळेत 108 मणी होते. सूर्य आपल्यापासून सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर आहे आणि त्याचा व्यास सुमारे 13 लाख 90 हजार किलोमीटर. भागाकार केला की साधारण 108 येतात. म्हणजे सूर्य स्वतःच्या 108 पट लांब आहे, आणि म्हणून बारीक भोकातून पडणारी सूर्याची प्रतिमा भोकापासूनच्या अंतराच्या 108 व्या भागाएवढी असते. एक मीटरवर पान धरलं तर 9 मिलिमीटरच्या थोडी वर. दोन मीटरवर त्याच्या दुप्पट. माळेचा आणि या आकड्याचा संबंध जोडून मी काही सिद्ध करू पाहत नाही. पण त्या अंधाऱ्या खोलीत तो आकडा आजीच्या बोटांत होता आणि फरशीवरही होता, आणि हा भागाकार मी पहिल्यांदा केला तेव्हा पेन खाली ठेवून थोडा वेळ गप्प बसले होते.

झाडाखाली पडणारे उन्हाचे गोल कवडसे म्हणजे सूर्याच्या प्रतिमा आहेत, हे तर आता बरेच जण सांगतात. पानांमधल्या फटी तिकोनी, वाकड्या, कशाही असल्या तरी जमिनीवरचे कवडसे गोल. हा प्रश्न फार जुना आहे. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्रश्नसंग्रहात विचारलं आहे की चौकोनी भोकातून आलेलं ऊन गोल का पडतं, आणि ग्रहणात त्याच्या कोरी का होतात. चीनमध्येही, ख्रिस्तपूर्व काळातच, मोझी या तत्त्ववेत्त्याच्या परंपरेत उलट्या प्रतिमेबद्दल लिहिलं गेलं. पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो इब्न अल-हैथम. 965 च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेला, पुढे कैरोत राहिलेला हा माणूस ग्रहणाच्या प्रतिमेवर एक अख्खा प्रबंध लिहून गेला, आणि त्याचा मुद्दा हा, की भोक पुरेसं लहान असेल तरच कोर दिसते. भोक वाढवत नेलं की कोर भरत भरत जाऊन भोकाचाच आकार उरतो. खिळ्याने मी जे केलं होतं त्याचं उत्तर सुमारे हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं होतं.

26 डिसेंबर 2019 च्या सकाळी आमच्या गच्चीवर आम्ही पुऱ्यांचा झारा उन्हात धरला तेव्हा खाली ओळीने कोरी पडल्या. बिल्डिंगमधली सगळी पोरं आपापल्या घरून किसण्या, चाळण्या, इडलीपात्रातल्या भोकाच्या ताटल्या घेऊन वर आली. आमच्या मजल्यावरच्या आजींनी नुसती बोटांची जाळी केली, एका हातावर दुसरा हात, आणि त्या चौकोनी फटींतूनही जमिनीवर कोरीच पडल्या. त्या खाली वाकून स्वतःच्या हातांची ती सावली कितीतरी वेळ बघत होत्या.

आता टॉवरकडे येते.

भोकापासून भिंत 3.20 मीटर. नशिबाने टॉवरचा एक स्लॅब जवळजवळ आमच्या भोकाच्या पातळीत पडला. त्याची कड भिंतीवर 130 सेंटिमीटरवर आली. तिथे मी शून्याची रेघ काढली. पुढचा स्लॅब पडला तेव्हा त्याची कड 114 वर. त्याच्या पुढचा 98 वर. प्रत्येक मजल्याला बरोबर 16 सेंटिमीटर, खालच्या दिशेने. एका रविवारी मी दहावीच्या मुलांना खोलीत घेतलं, दार लावलं आणि म्हटलं, टॉवर किती लांब आहे ते सांगा, बाहेर न जाता. एका मुलीने अंधारातच उत्तर दिलं. मजला 3 मीटरचा धरला तर 16 सेंटिमीटर ही जवळजवळ 19 वा भाग झाला, म्हणजे टॉवर भिंतीच्या अंतराच्या तितक्याच पट लांब, 60 मीटर. मोबाइलवरच्या नकाशात बोट ओढून त्यांनी ताडून पाहिलं, 60 च्या आसपासच आलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती पोरं जे दिसेल त्याचं अंतर काढत होती. रस्ता 30 मीटरवर, म्हणून रिक्षा 28 सेंटिमीटरची. टॉवरवरचा माणूस तिच्या दुप्पट लांब, म्हणून जेमतेम 9 सेंटिमीटरचा.

त्या 9 सेंटिमीटरच्या माणसांकडे मी खूप पाहिलं आहे. चेहरे नाहीत, कारण मटाराएवढ्या भोकातून येणारा प्रत्येक ठिपका भिंतीवर मटाराहून किंचित मोठाच होतो, आणि टॉवरच्या अंतरावर तो वीतभर जागा गिळतो. पण चालण्यावरून माणसं ओळखू यायची. एक जण होता, पिवळं हेल्मेट, उजव्या पायाने थोडा लंगडायचा. सळयांच्या जाळीवरून तो जसा चालायचा तसं दुसरं कुणी चालत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीआधी तो स्लॅबच्या कडेला येऊन उभा राहायचा आणि खाली बघायचा. माझ्या भिंतीवर तो वर बघायचा. त्याच्या डोक्याखाली सगळं मोकळं आभाळ असायचं.

एक गंमत मुलांनीच शोधली. पत्र्यांवर बिल्डरचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. ते भिंतीवर उलटं दिसणार हे त्यांना मान्य होतं, म्हणून एकाने जमिनीवर कोलांटी घेऊन, पाय भिंतीला लावून ते वाचायचा प्रयत्न केला. तरी वाचता येईना. अक्षरं आरशातल्यासारखी दिसत होती. बुटाच्या खोक्याला बटरपेपर लावून केलेल्या कॅमेऱ्यात मात्र तेच नाव, खोकं फिरवलं की सरळ वाचता येतं. फरक एवढाच, की बटरपेपरवरची प्रतिमा आपण मागून बघतो, दृश्याकडे तोंड करून. भिंतीवरची बघताना दृश्याकडे पाठ असते. पाठ फिरवली की डावं-उजवं बदलतं. हे समजावून सांगताना मी स्वतः दोनदा अडखळले आणि शेवटी एका मुलाला खिडकीपाशी आणि एकाला भिंतीपाशी उभं करून दोरीच धरायला लावली.

भोक बारीक करून कडा आणखी धारदार करता येतील का? येतील, पण एका हद्दीपर्यंत. फार बारीक भोकातून जाताना प्रकाशच पसरायला लागतो, त्याला विवर्तन म्हणतात, आणि प्रतिमा पुन्हा पुसट होते. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी 1891 मध्ये या दोन्ही गोष्टींचा तोल साधणारं माप मांडलं. ते माझ्या खोलीला लावलं तर भोक अडीच मिलिमीटरचं हवं. अण्णांच्या दाभणाचं टोक साधारण तेवढंच होतं. तेवढ्या भोकातून उजेड मात्र मटाराएवढ्या भोकाच्या दहाव्या भागाएवढाच येतो, आणि माझ्या वयाच्या डोळ्यांना आता त्यात डोंगर दिसत नाही. म्हणून मटार.

डोंगर. येऊरची रांग टॉवरच्या कितीतरी मागे. शेकडो फुटांचा तो डोंगर माझ्या भिंतीवर वीतभर होता, शून्याच्या रेघेवरून खाली लोंबणारा. आणि टॉवरचा एक मजला सोळा सेंटिमीटर. म्हणजे दोन स्लॅब. दोन स्लॅब पडले आणि मधला सगळा येऊर गेला. उरला तो दोन्ही बाजूंना थोडा थोडा. गणित मला आधीपासून माहीत होतं, तारीखही अंदाजाने माहीत होती. तरी त्या सकाळी भिंतीपाशी हात नेला तर तळव्यावर डोंगराऐवजी सळया पडल्या, तेव्हा गलबललं. जवळचं मोठं दिसणार आणि दूरचं लहान, त्यात कुणाचा दोष नाही. पण पावसाळ्यानंतरचा तो हिरवा, चार बोटं धुकं असलेला, उलटा येऊर मी कधी फोटोत घेऊन ठेवला नाही याचं वाईट वाटतं.

आठ स्लॅबनंतर टॉवर भिंतीतून फरशीवर उतरला आणि खिडकीकडे, म्हणजे माझ्याकडे, येऊ लागला. इथे मुलं चक्रावली. भिंतीवर सगळे मजले सारखे होते, फरशीवर दर मजला आधीच्यापेक्षा आखूड. खिडकीपासून मोजलं तर दहावी रेघ 289 सेंटिमीटरवर, पुढची 260, मग 236, मग 217, मग 200. शिवाय टॉवर निमुळता होत चाललेला, पाचरीसारखा. भिंतीवर सव्वा मीटर रुंद होता, शेवटच्या रेघेपाशी 56 सेंटिमीटर. नियम मोडला का? नियम तोच. वस्तूचं अंतर 60 मीटर कायम, पण फरशीवर प्रतिमा जसजशी खिडकीच्या जवळ येते तसतसं पडद्याचं अंतर कमी होतं, आणि पडदा जवळ आला की प्रतिमा लहान. हंपीला विरूपाक्ष मंदिरातल्या मागच्या खोलीत सुमारे 50 मीटरच्या गोपुराची उलटी छाया भिंतीवर पडते, ती बघताना मी आधी भोक आणि भिंत यांच्यातलं अंतर पावलांनी मोजलं होतं. बरोबरचे लोक गोपूर बघत होते.

शून्याच्या रेघेनंतरचा अठरावा आणि शेवटचा स्लॅब खिडकीपासून 144 सेंटिमीटरवर आला. त्याच्या आणि खिडकीच्या मध्ये जेवढं आभाळ उरलं तेवढंच आता मधोमध आहे. खोलीतलं चित्र पूर्वीपेक्षा काळोखं झालं, कारण त्यातला बराच उजेड आभाळाचा होता. क्रेन गेली, हिरवी जाळी उतरली, लंगडणारा माणूस दुसऱ्या साइटवर गेला असेल. मी फॉइल काढून टाकायच्या विचारात होते. परीक्षा जवळ आल्या होत्या, खोली क्लाससाठी हवी होती.

मार्चमधल्या एका सकाळी, नऊच्या सुमाराला, क्लासचे दोघे लवकर आले आणि मागच्या खोलीतून त्यांनी हाक मारली. फरशीवर, बाराव्या आणि तेराव्या मजल्याच्या रेघांच्या मध्ये, उन्हाचे चार लख्ख लंबगोल होते. आमच्या या खोलीत सकाळचं ऊन कधीच येत नाही, ती पश्चिमेची आहे. टॉवरला त्याच आठवड्यात काचा बसल्या होत्या. मागून, आमच्या बिल्डिंगच्या डोक्यावरून, सूर्य त्या काचांवर पडत होता आणि चार काचा, एकमेकींशी किंचित तिरक्या बसलेल्या, चार सूर्य आमच्या भोकातून आत पाठवत होत्या.

मुलाने वहीचं पान सळईला आडवं धरलं. लंबगोल गोल झाला. पट्टी लावली. भोकापासून पानापर्यंतचं अंतर सुतळीने मोजलं, 245 सेंटिमीटर. 108 ने भागलं. "टीचर, 2.3 यायला हवा. 3.1 येतोय."

"भोक किती मिलिमीटरचं आहे?"

त्याने भोकाकडे पाहिलं, मग गोलाच्या विरलेल्या कडेकडे. "8. म्हणजे भोकाची रुंदी त्यात मिसळली आहे?"

मी आत जाऊन कपाटातून अण्णांचं दाभण आणलं. फॉइलचा नवा तुकडा घेतला, खाली जुनी वही ठेवली आणि टोक जपून फिरवलं. त्याने तो तुकडा खिडकीला लावला. खोली एकदम अंधारली, टॉवर दिसेनासा झाला. पानावर चार सूर्य होते, कडा कातरून काढल्यासारख्या. त्याने पुन्हा पट्टी लावली आणि अगदी वाकून, डोळा पानाला टेकेल इतकं वाकून, आकडा वाचला. 2.5.